अंकांची गोष्ट सांगणारा वऱ्हाडी माणूस

(अकोल्यात तरुण मित्रमैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय विचारायला फोन आला तेव्हा मी म्हणालो, "गुणाकर मुळे." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "सर, गुणाकार ना? म्हणजे गणितावर बोलणार?" मला हसू आलं. चाळीसेक वर्षांपूर्वी हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही ती छापखान्याची चूक वाटली होती. अंकांवरच्या पुस्तकाच्या लेखकाचं नाव गुणाकर! पण नाव खरं आहे आणि माणूस आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातला. त्यांचं नाव ऐकलेल्यांनी हात वर करा बरं. चार. ठीक आहे, तुमच्या वयात मीही हात वर केला नसता.

मुळ्यांकडे जाण्याआधी एका ठिपक्याची हकीकत सांगतो.

मी बाळापूर तालुक्यातला. चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलो. पुढे गावात उर्दू शाळा नव्हती म्हणून पाचवीला मराठी शाळेत गेलो. मराठी अंक मला येत होते, शेजारच्या पोरांबरोबर खेळता खेळता शिकलो होतो. पण शून्य आलं की हात सवयीने ठिपका द्यायचा. उर्दूत शून्य म्हणजे ठिपका, सिफर. पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी बेरीज घातली, उत्तर एकशे पाच. मी एक लिहिला, मध्ये ठिपका दिला, पुढे पाच लिहिला. गुरुजींनी पाटी उचलून वर्गाला दाखवली. "पाहा रे, यानं एकशे पाचाचं दीड करून टाकलं!" वर्ग हसला. गुरुजी मनाने वाईट नव्हते, पुढे त्यांनीच मला गणिताची गोडी लावली. त्यांना तो ठिपका ओळखू आला नाही, एवढंच. पण दहा वर्षांच्या पोराला हे कुठून कळणार? घरी येऊन अब्बांना सांगितलं. अब्बा चहा पीत होते. म्हणाले, "उनको बोल, सिफर हमारा है. दुनिया को हमनेच दिया."

गुरुजींना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. पण वाक्य मी जपून ठेवलं. पुढे कॉलेजात असताना एका कार्यक्रमात ते ठणकावून सांगितलं, शून्य अरबांनी शोधलं, आणि भरपूर टाळ्या घेतल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत कोणी विचारलं नाही, कशावरून? मीही स्वतःला विचारलं नाही.

मग बी.एड. करायला अमरावतीला गेलो. डबा गावाहून एस.टी.ने यायचा, तो संध्याकाळपर्यंत पोचायचा नाही, म्हणून मी वाचनालयात बसून राहायचो. तिथे हिंदीच्या कपाटात 'भारतीय अंक-पद्धति की कहानी' हे पुस्तक हाताला लागलं. लेखकाच्या नावातला 'ळ' बघून मी थबकलो. हिंदीवाल्यांचा 'ळ'शी संबंध नाही, ते 'ल' लिहून काम भागवतात. दिल्लीकडची माणसं हे नाव 'मुले' असं घेतात, ते मी पुढे स्वतः ऐकलं. पण पुस्तकावर 'ळ' ठसठशीत छापलेला होता. ज्या माणसाने सारं आयुष्य हिंदीत लिहिलं, त्याने आपलं हे एक अक्षर सोडलं नव्हतं. लेखकाचा परिचय शोधला, तर जन्मगाव सिंदी बुजरुक, जिल्हा अमरावती.

या गावाच्या नावावर जरा थांबू. आपल्याकडे एकाच नावाची दोन गावं असली की एक बुजरुक आणि दुसरं खुर्द. काही भागांत बुद्रुक म्हणतात. बुजरुक म्हणजे फारसीतला बुजुर्ग, थोरला. खुर्द म्हणजे धाकटा. सरकारी कागदावर 'बु.' आणि 'खु.' लिहून शेकडो वर्षं चालत आलेले हे शब्द आपण रोज एस.टी.च्या पाटीवर वाचतो आणि ते कुठून आले ते कधी विचारत नाही. मुळ्यांनी पुढे लिप्या, अक्षरं, नाणी, शिलालेख यांवर पुष्कळ लिहिलं. अशा माणसाच्या गावाच्याच नावात मराठी आणि फारसी शेजारी बसलेली असावी, याची मला मोठी गंमत वाटते.

३ जानेवारी १९३५ चा त्यांचा जन्म. सुरुवातीचं शिक्षण गावातल्या मराठी शाळेत. मग ते अलाहाबादला गेले आणि तिथल्या विद्यापीठात गणितात एम.ए. झाले. गणितात एम.ए. झालेल्या मुलाला त्या काळात कॉलेजची नोकरी मिळणं अवघड नव्हतं. आपल्या घरातला मुलगा असता तर आपण त्याला दुसरं काही करूच दिलं नसतं. मुळ्यांनी मात्र स्वतंत्र लेखनावर जगायचं ठरवलं, आणि दिल्लीत राहून शेवटपर्यंत तेच केलं. पस्तीसच्या आसपास पुस्तकं. हिंदीत तीन हजारांहून जास्त लेख, इंग्रजीत अडीचशेच्या आसपास. गणिताचा मास्तर आहे म्हणून हिशेब करतो: पन्नास वर्षं धरली तरी आठवड्याला एकाहून अधिक लेख होतात. आजारपण, लग्नकार्य, मुलांच्या परीक्षा, सगळं धरून. लेखाचे पैसे आले तर घरात किराणा, असं ते जगणं.

लिहिलं कशावर? आर्यभट, भास्कराचार्य, केपलर, मेंडेलीव्ह, आइन्स्टाइन. ग्रहतारे. भारतीय लिप्या. भूमिती. विज्ञानाचा इतिहास हा सगळ्यांना जोडणारा धागा. 'आकाश दर्शन' या ग्रंथाला मेघनाद साहा पुरस्कार मिळाला. दिल्लीच्या हिंदी अकादमीने गौरवलं, मुंबईच्या मराठी विज्ञान परिषदेनेही सन्मान केला. ऑक्टोबर २००९ मध्ये ते गेले. मी दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत म्हणालो, गुणाकर मुळे गेले. एका सहकाऱ्याने विचारलं, "कोणत्या शाळेवर होते?"

आता काही अभ्यासक नाक मुरडतात. म्हणतात, मुळे लोकप्रिय लेखक होते, विज्ञानाचे इतिहासकार कसले? या आक्षेपात थोडं तथ्य आहे, ते मान्य करून टाकू. मूळ हस्तलिखितं धुंडाळून, नवा पुरावा बाहेर काढून लिहिणारा इतिहासकार पाहायचा असेल तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांकडे जायला हवं. दापोलीजवळच्या मुरूडचे, १८५३ चा जन्म, पेशाने शिक्षक. १८९६ साली त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावरचा मोठा मराठी ग्रंथ आला, आजही त्याच्याशिवाय त्या विषयाचं पान हलत नाही. त्याच साली रॉबर्ट स्युएल यांच्याबरोबर त्यांनी इंग्रजीत भारतीय कालगणनेचा ग्रंथ काढला. त्यात शकाच्या आणि संवताच्या तारखा इसवी सनात बदलायची कोष्टकं आहेत, आणि हिजरी तारखांचीही आहेत. कुठल्या तरी दर्ग्याच्या दारावर हिजरी साल कोरलेलं असतं, ते इसवीतलं कोणतं, हे ठरवायला कितीतरी संशोधकांनी कोकणातल्या या शिक्षकाची कोष्टकं वापरली. दीक्षित १८९८ साली गेले, पंचेचाळिशीही गाठली नाही.

मुळ्यांचं काम वेगळ्या जातीचं. दीक्षितांसारख्यांनी जे खणून काढलं, ते तपासून, जुळवून, ज्याच्या घरात एकही पुस्तक नाही अशा मुलापर्यंत पोचवायचं. एकच गोष्ट त्यांच्या तीन-चार पुस्तकांत पुन्हा भेटते, हेही खरं. पण मी असा विचार करतो: दीक्षितांचा ग्रंथ मला बी.एड.च्या वयात कोणी दिला असता तर मी दहाव्या पानावर मिटला असता. मुळ्यांचं पुस्तक मी त्या रात्री खोलीवर नेलं आणि डबा न उघडताच झोपलो. त्यांनी भाषांतरंही केली. दामोदर धर्मानंद कोसंबींचा प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ हिंदीत आला तो मुळ्यांच्या हातून. कोसंबी गोव्याचे, गणिती, आणि इतिहासात शिरून त्यांनी इतिहास लिहायची रीतच बदलली. गोव्याच्या गणितज्ञाचं इंग्रजी पुस्तक वऱ्हाडातल्या गणितज्ञाने हिंदीत आणलं.

तर त्या पुस्तकातून मला काय मिळालं? अंकांचा प्रवास मिळाला, आणि त्यात माझा ठिपका सापडला. तो प्रवास आज मी माझ्या शब्दांत सांगतो, पुढच्या वाचनात मिळालेली भरही त्यात आहे.

जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात आकडे आहेत. पण दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. शून्य नाही. पुढे काही शतकांत नऊ चिन्हं आणि स्थानाप्रमाणे किंमत ही युक्ती भारतात रुजली. ६२८ साली ब्रह्मगुप्ताने शून्याची बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम लिहिले. शून्याला शून्याने भागलं तर काय, इथे तोही चुकला, उत्तर शून्य म्हणाला. मोठा माणूस चुकतो हे मुलांना सांगत जा, त्यांना फार आवडतं. ६६२ साली फुरात नदीकाठच्या मठातला सेव्हेरस सेबोख्त नावाचा सिरियाचा ख्रिस्ती बिशप या भारतीय नऊ चिन्हांचं कौतुक करतो. म्हणजे बगदाद वसण्याच्या शंभर वर्षं आधीच ही बातमी तिकडे गेली होती. मग बगदाद वसलं, आणि ७७० नंतर खलिफा मन्सूरच्या दरबारात भारतातला एक पंडित ज्योतिषाचा सिद्धांतग्रंथ घेऊन पोचला. त्याचं अरबी भाषांतर झालं. 'सिद्धांत'चं अरबीत झालं 'सिंदहिंद'.

८२५ च्या सुमारास अल-ख्वारिज्मीने भारतीय हिशेबावर पुस्तक लिहिलं. त्याची अरबी प्रत आज उरलेली नाही, लॅटिन भाषांतरावरून ते आपल्याला कळतं. तुमच्या मोबाइलमधला 'अल्गोरिदम' हा शब्द या माणसाच्या नावाचा बिघडलेला उच्चार आहे. आणि लक्षात घ्या, हे सगळे लेखक त्या पद्धतीला काय म्हणत होते? 'हिसाब अल-हिंद'. हिंदचा हिशेब. अरबांनी लपवलं नाही, नाव सांगून घेतलं. हे वाचलं त्या रात्री मला अब्बा आठवले. सिफर आमचं आहे, असं ते म्हणाले होते, पण ज्यांच्या नावाने म्हणाले होते ती माणसं स्वतः काही वेगळंच लिहून गेली होती.

आता तुम्ही म्हणाल, मग अरबांचं त्यात काय? पुष्कळ. ९५२ साली दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसी नावाच्या गणितज्ञाने भारतीय हिशेबावर पुस्तक लिहिलं. हे आज उपलब्ध आहे. तोवर हा हिशेब फळीवर धूळ पसरून बोटाने करत. आकडा लिहायचा, पुसायचा, पुढचा लिहायचा. संस्कृतातही या गणिताला धूलिकर्म म्हणत, आणि आपली धूळपाटी तुम्हाला माहीतच आहे. अल-उक्लिदिसी म्हणतो, हे सोडा, शाई आणि कागद घ्या. कारण काय देतो? एक, पुसलेलं तपासता येत नाही. आणि दुसरं, धुळीची पाटी घेऊन बसलेला माणूस रस्त्यावर बसून भविष्य सांगणाऱ्यांसारखा दिसतो! एका गणितज्ञाला स्वतःच्या अब्रूची काळजी वाटली, आणि हिशेब धुळीतून कागदावर आला. त्याच्याच पुस्तकात दशांश अपूर्णांकही दिसतात. अल-ख्वारिज्मीने ज्या अल-जब्रला नाव दिलं, तो तर स्वतंत्र विषयच झाला. त्यामुळे अरबांनी नुसती टपाल्याची नोकरी केली असं जे काही लोक म्हणतात, तेही पुराव्यावर टिकत नाही.

पुढे १२०२ मध्ये पिसाचा लिओनार्दो, ज्याला आपण फिबोनाची म्हणतो, त्याने हे अंक इटलीत नेले. तो शिकला कुठे, तर आजच्या अल्जेरियातल्या बुजिया बंदरात, वडिलांबरोबर व्यापाराला गेला असताना. तोही त्यांना भारतीय अंकच म्हणतो. युरोपने ते लगेच डोक्यावर घेतले असं नाही. १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सावकारांच्या संघाने वह्यांत हे आकडे लिहायला बंदी घातली होती.

आता शब्द बघा. संस्कृतात शून्य, म्हणजे रिकामं. अरबांनी त्याचा अर्थ घेतला आणि आपल्या भाषेतला रिकाम्यासाठीचा शब्द दिला: सिफ्र. सिफ्रचं लॅटिनमध्ये झालं झेफिरम, त्याचं झालं झीरो. मराठी शाळेतलं शून्य, उर्दू शाळेतलं सिफर आणि कॉन्व्हेंटमधला झीरो, असा हा एकाच शब्दाचा प्रवास आहे. आणि ठिपका? पेशावरजवळ बख्शाली गावात १८८१ साली भूर्जपत्रावरचं एक जुनं गणिताचं हस्तलिखित सापडलं. त्यात शून्य ठिपक्याने लिहिलंय. गोल शून्य आपल्याला ८७६ सालच्या ग्वाल्हेरच्या देवळातल्या लेखात दिसतं. म्हणजे गुरुजींचं वर्तुळ आणि माझा ठिपका, दोन्ही इथलेच. पाचवीत मला हे माहीत असतं तर! माहीत असतं तरी बोललो नसतोच म्हणा.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, सरांची गाडी रुळावर आली. नाही आली. आता माझी दुसरी चूक ऐका, ती पहिलीपेक्षा जास्त वर्षं टिकली.

उर्दूत अंकाला हिंदसा म्हणतात. मला वाटलं, हिंदसा म्हणजे हिंदवरून आलेला! केवढा छान पुरावा. मी नोकरीला लागलो आणि वीसेक वर्षं प्रत्येक वर्गात, प्रत्येक २६ जानेवारीच्या भाषणात हे सांगितलं. ऐकणाऱ्यांना आवडायचं. हिंदू पालक खूश, मुस्लिम पालक खूश. मीही खूश, कारण मला गावात सगळ्यांनी एकमेकांच्या जवळ यावं असं मनापासून वाटायचं. मग एकदा आठवीतला एक मुलगा तास संपल्यावर टेबलाजवळ आला. सकाळी मदरशात अरबी शिकायचा, दुपारी आमच्या शाळेत यायचा. फार हळू आवाजात म्हणाला, "सर, हिंदसा हिंदवरून नाही ना आलेला. आमच्या उस्तादांनी सांगितलं, अरबीत हंदसा म्हणजे भूमिती. तो फारसीच्या अंदाजावरून आला."

मी त्याला म्हणालो, "तपासून सांगतो." खरं तर मला राग आला होता. घरी शब्दकोश काढले. पोरगा बरोबर होता. फारसीत अंदाजा म्हणजे माप. त्याचं अरबीत हंदसा झालं. म्हणून भूमिती जाणणारा तो मुहंदिस. उर्दूत तोच हिंदसा अंकासाठी रुळला. आणि तोच अंदाज मराठीतही आहे! आपला शेतकरी बांधावर उभा राहून म्हणतो, "अंदाजानं सांगतो बावा, यंदा एकरी चार क्विंटल निघन." तो म्हणतो तो अंदाज आणि उर्दू शाळेतला हिंदसा ही चुलत भावंडं. माझ्या खोट्या गोष्टीपेक्षा ही खरी गोष्ट कितीतरी मजेदार निघाली. पण त्या वीस वर्षांतल्या मुलांना आता कुठे गाठून सांगू?

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की मी चुकलो होतो आणि या मुलाने दुरुस्त केलं. तो लाजला. मला आतून फार जड गेलं, ते लपवत नाही. पहिली चूक मी आपल्या लोकांच्या अभिमानापोटी केली होती. दुसरी सलोख्याच्या इच्छेपोटी. इच्छा चांगली असल्यामुळे मी ती तपासलीच नव्हती. आज तुमच्या मोबाइलवर दोन प्रकारचे मेसेज येतात. एकात सगळं वेदांत आधीच होतं, दुसऱ्यात सगळं बगदादमध्ये शोधलं गेलं. हे दोन्ही तुम्ही हसण्यावारी नेता, बरं करता. पण तिसऱ्या प्रकारचा मेसेज, ज्यात दोघांची गळाभेट असते आणि वाचताना डोळे भरून येतात, तोही उघडून बघत जा. मी अनुभवाने सांगतो.

असाच आणखी एक मोह. उर्दू लिहिताना हात उजवीकडून डावीकडे जातो, पण मध्ये संख्या आली की हात उलटा वळतो आणि डावीकडून उजवीकडे आकडा लिहितो. इथल्या उर्दू शाळेत शिकलेल्या मुलींना हे हातानेच माहीत असेल. मला वाटायचं, झालं, बाहेरून आल्याचा याहून मोठा पुरावा काय? पण जुन्या अरबीत संख्या एककापासून वाचायची पद्धत होती, आधी पाच मग वीस. तसं वाचलं तर हात वळवायची गरजच पडत नाही. म्हणून हा एकटा पुरावा पुरत नाही. पुरावा आहे तो त्या लेखकांच्या स्वतःच्या शब्दांत, सेबोख्तच्या पत्रात, दगडावर कोरलेल्या अंकांत.

आपल्या बाळापूरला मन नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. तुमच्यातले निम्मे तिथे सेल्फी काढून आले असतील. त्याच वंशातले पुढचे सवाई जयसिंग, दिल्ली-जयपूरचे जंतरमंतर बांधणारे. त्यांच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे ज्योतिषी होते, महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घराण्यातले म्हणून ओळखले जातात. ते अरबी आणि फारसी शिकले. युक्लिडची भूमिती ग्रीकमधून अरबीत गेली होती, नसीरुद्दीन तूसीने तिची नवी मांडणी केली होती. जगन्नाथांनी ती अरबीवरून संस्कृतात आणली, नाव दिलं 'रेखागणित'. त्याच्या सातशे वर्षं आधी अल-बिरूनी संस्कृत शिकला होता आणि भारतावर ग्रंथ लिहून गेला होता, १०३० च्या सुमारास. त्यात कौतुकही आहे आणि टोचून बोलणंही. इथल्या पंडितांचा गर्व त्याला खटकला, तो त्याने लिहिला. इथलं गणित आवडलं, तेही लिहिलं. हे दोघे एकमेकांची भाषा शिकले ते एकमेकांना खूश करायला नाही, समोरच्या पुस्तकात काय लिहिलंय ते कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं म्हणून.

आणि मध्ये आपले भास्कराचार्य. १११४ चा जन्म, त्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. अकोल्याहून रेल्वेने भुसावळवरून अर्ध्या दिवसात पोचाल. त्यांच्या 'लीलावती'चं फारसी भाषांतर अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ साली केलं. 'बीजगणिता'चं फारसी भाषांतर शाहजहानच्या काळात अताउल्लाह रशीदी याने केलं. त्याचे वडील उस्ताद अहमद लाहोरी, ताजमहालाच्या बांधकामाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते. खान्देशातल्या पंडिताचं बीजगणित ताजमहालाच्या वास्तुविशारदाच्या घरात वाचलं जात होतं. मुळ्यांनी भास्कराचार्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलंय, मिळवून वाचा. हिंदी तुम्हाला अवघड नाही, सिनेमे बघताच की.

एक तक्रार मात्र माझी मुळ्यांकडे आहे, म्हणजे खरं तर आपल्याकडेच आहे. मराठी शाळेत शिकलेला हा माणूस हिंदीत लिहून लखनौ-पाटण्याच्या घराघरात पोचला आणि त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात शिक्षकांच्या खोलीत विचारलं जातं, कोणत्या शाळेवर होते. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, कॉलेजात तिसरी, असं तुमच्यातल्या बहुतेकांचं आहे. तुम्ही त्याला अडचण समजता. मुळ्यांना ती अडचण झाली नाही. विज्ञानाच्या इतिहासाला असाच माणूस लागतो, ज्याला तीन लिप्या वाचताना दचकायला होत नाही.

म्हणून आज मी एक वस्तू बरोबर आणली आहे. माझे परदादा अकोल्याच्या कापसाच्या बाजारात एका अडतीवर मुनीम होते. त्यांची ही वही, आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत तळाशी होती. कापूस किती खंडी, किती मण, किती शेर, कोणाकडून, कोणाला. नावं मोडीत आहेत. काही आकडे मराठी, काही उर्दू, ठिपक्याचं शून्य असलेले. जीनवाल्यांच्या पावत्यांची नोंद इंग्रजी आकड्यांत. एका पानावर तिन्ही आहेत आणि बेरीज चुकलेली नाही, मी तपासली आहे.

पण रकमेच्या रकान्यात चौथीच चिन्हं आहेत, वेलांटीसारखी, एकमेकांत गुंतलेली. मला वाटतं ती सियाक आहे, जुन्या फारसी हिशेबातली लिहायची रीत, ज्यात अरबी संख्यावाचक शब्दच आखडून चिन्ह होतात. १८५३ पर्यंत वऱ्हाड निजामाकडे होता, महसुलाच्या कागदांत ही रीत चालायची, तिथून ती बाजारात आली असावी. असावी म्हणतोय. दोन चिन्हं मी बाजूच्या मराठी आकड्यांवरून ओळखली आहेत, पन्नास आणि शंभर. बाकीची लागलेली नाहीत. ज्याला फारसी येतं त्याला मोडी येत नाही, ज्याला मोडी येतं त्याला फारसी येत नाही, आणि माझे डोळे आता बारीक अक्षराला दाद देत नाहीत.

वही त्या टेबलावर ठेवली आहे, शेजारी भिंग आहे. चहा आधी घ्या, मग बघा. हात पुसून या, पानं ठिसूळ झाली आहेत. फोटो काढायला हरकत नाही, फक्त फ्लॅश बंद ठेवा.